इंजिन एकाला, हँडल दुसऱ्याला

मी, मनुबाई आकाराम मोहिते, वय वर्षे ७६, धंदा शेती, राहणार शिरसवाडी, तालुका तासगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचाही नाही. माझ्यावर दबाव टाकणारा अजून जन्मायचा आहे.

१. घर व द्राक्षबाग माझे मुलगे धैर्यशील व वीरधवल यांना निम्मी निम्मी. बँकेतली ठेव नात क्रांतीच्या शिक्षणाला.

२. माझे तांब्याचे घंगाळ जाऊबाई धोंडुबाईंनी लग्नाला म्हणून नेले, ते अजून यायचे आहे. आलेच तर सून अंकिताला द्यावे. न आल्यास धोंडुबाईंना लखलाभ.

३. विहिरीवरचे डिझेल इंजिन. माझे मालक पलटणीतून पेन्शनवर आले आणि मोटेचे बैल विकून त्यांनी हे इंजिन घेतले. पहिल्या दिवशी मी विचारले, "आवं, पर ह्येला काडी कुठनं लावायची?"

मालक हसले. "काडी न्हाई, ठिणगी न्हाई. आत हवाच एवढी दाबायची, की ती तव्यावाणी तापती. तेलाचा फवारा पडला की आपसूक भडका!"

हवा आत घ्यायची, दाबायची, पेटवायची, धूर बाहेर टाकायचा. एवढ्या चार कामांवर ते विहीर उपसून माळाला पाणी चढवत असे. नुसत्या हवेतून विस्तव! डिझेल हे मुळात एका जर्मन माणसाचे आडनाव, हेही मालकांनीच सांगितले. त्या माणसाला मी कितीदा मनात हात जोडले आहेत. आजही इंजिनापुढे उभी राहिले की अंगावर काटा येतो.

४. ते एकट्याने चालू होत नाही. धैर्यशील हँडल मारायचा. चाकाला वेग आला की वीरधवल वरची दांडी पाडायचा, मग आत हवा कोंडून भडका उडायचा. पुढे दोघांनी आपापली विजेची मोटार बसवली. बटण दाबायला एकटा पुरतो. मग पाण्याच्या पाळीवरून भांडले, ते आजतागायत एकमेकांशी बोलत नाहीत. मला ते फार लागते. म्हणून हँडल धैर्यशीलला व इंजिन वीरधवलला देत आहे. भंगारवाल्याला कोणीही बोलावू नये.

५. दहाव्याला येरळेकाठी पिंडाला कावळा शिवला नाही, की लोक म्हणतील, "म्हातारीचं मन कशात आडकलंय?" तर्क करीत उन्हात बसू नये. माझी इच्छा इथेच लिहिली आहे. दोघांनी उठून विहिरीवर जावे व इंजिन चालू करावे. आवाज नदीपर्यंत येतो. त्या आवाजाने कावळे उडून गेले, तर जाऊ द्यावेत. मी जेवले असे समजावे.

सही: मनुबाई आकाराम मोहिते

साक्षीदार, दोघेही माझ्यासमोर सही करणारे:
१. धरणेंद्र चौगुले, बेदाणा व्यापारी
२. कृष्णात माने, शेजारी

ठिकाण: तासगाव
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५