शटरवरच्या लाथा

१२ तारीख, मंगळवार

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज केला की नुसता अंगठा पाठवतोस. म्हटलं, कागदच पाठवावा, बघू त्याला अंगठा कसा पाठवतोस ते.

आम्ही दोघं ठीक. बाबांचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो आणि बाबा त्याच्याहून जास्त कुरकुरतात. कानानं जरा कमी ऐकू येतं, पण त्यांच्या सोयीचं असेल तेवढं बरोबर येतं. मी अजून चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. आठवडाभर त्या मशीनची किरकिर ऐकते आणि रविवारी दुपारी सायकलवाल्याच्या मागच्या हॉलमध्ये रेकॉर्ड वाजवते. हो, तुझी बहीण डीजे झालीये. हसू नकोस. दोन टर्नटेबल आहेत, त्यातलं डावं आळशी आहे, सुरू करताना बोटानं ढकलावं लागतं.

येणारे सगळे आपल्यासारखेच, गॅरेज पंकच्या त्या कर्कश गिटारींचं खूळ डोक्यात शिरलेले. नाचतात कमी, भांडतात जास्त. मागे एकदा ‘काळे मोजे’ हा बँड मोठा की ‘भंगार ब्रदर्स’ यावरून अख्खी दुपार गेली. एकाचं म्हणणं, मोजेवाले ज्या दिवशी गिटार सुरात लावायला शिकले त्या दिवशी संपले. दुसऱ्याचं म्हणणं, भंगारवाल्यांना ज्यानं समोर उभं राहून, अंगावर त्यांचा घाम उडवून घेत ऐकलं नाही, त्यानं त्यांच्या रेकॉर्डबद्दल तोंड उघडूच नये. तेवढ्यात एक जण लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, मी पण थोडं वाजवू का? त्याला सगळ्यांनी मिळून असा धुतला की भांडणारे दोघं मित्र होऊन घरी गेले. मला मजा येते, खोटं कशाला बोलू?

डोकं फिरतं ते आपलं गाणं लागल्यावर.

तुला माहीतच असेल, ‘फ्यूज उडाला’ आता क्लासिक झालंय. तू, मी आणि लांब्या, आपण तिघांनी घराखालच्या खोलीत शटर खाली ओढून साध्या टेपवर भरलेलं गाणं! त्याची छोटी रेकॉर्ड काढली तेव्हा कुत्रंही विचारत नव्हतं. लांब्यानं उरलेल्या रेकॉर्ड खिडकीला पत्रा म्हणून लावल्या होत्या. आता तीच रेकॉर्ड शोधत लोक वणवण फिरतात, आणि नव्यानं निघणार म्हणून उड्या मारतात. आणि सगळे उड्या मारतात त्या एकाच जागेसाठी. मधे तुझी गिटार थांबते, माझा ड्रम एकटाच चालू राहतो आणि ते ढॅण, ढॅण, ढॅण येतं ना, त्यासाठी.

त्या ढॅण-ढॅणवर काय काय अक्कल पाजळतात लोक! कुणी म्हणतं तेलाचं पिंप आहे, कुणी म्हणतं दुसरा ड्रमर होता. आमच्याकडे एक प्रोफेसर येतो. तो कुठल्या कॉलेजात शिकवत नाही, फक्त आम्हाला शिकवतो, म्हणून प्रोफेसर. मी त्याला म्हटलं, बाबा रे, त्या रेकॉर्डवर ड्रम मी वाजवलाय, ते आमच्या खोलीचं शटर आहे. तर मला म्हणतो, “ताई, तुम्ही तेव्हा लहान असाल, तुम्हाला नीट आठवत नसेल.” मी कपाळावर हात मारून घेतला आणि पुढची रेकॉर्ड लावली.

त्याचं सोड. त्याला माहीत नाही. तुला तर माहीत आहे ना?

मासिकातली तुझी मुलाखत वाचली. “मला तेव्हाच कळलं होतं की या गाण्याला आणखी राग हवा. गिटार गळ्यात तशीच ठेवून मी शटरवर लाथा घातल्या.” वाचून मी मशीन बंद केलं. मालकानं विचारलं, डोळ्यात काचेचा कण गेला का? मी हो म्हटलं.

दादा, त्या लाथा बाबांच्या आहेत. ते बेकरीत रात्रपाळी करून आले होते, भट्टीपुढे रात्रभर उभे राहून. वरच्या खोलीत दोन घटका झोपत होते आणि खाली आपण धिंगाणा घालत होतो. ते उतरून आले, बाहेरून शटरवर लाथा घातल्या आणि मग ते वर ओढलं. त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आलास की माझ्या बापानं माझं पहिलं रेकॉर्डिंग लाथा घालून बिघडवलं. बरं, तेही मी ऐकून घेतलं. पण आता लोक त्याच लाथांवर जीव टाकायला लागले, तर त्या तुझ्या झाल्या? दुखल्या तेव्हा बाबांच्या आणि गाजल्या तेव्हा तुझ्या? हा कुठला न्याय रे?

नव्या रेकॉर्डच्या कव्हरवर “गिटार, आवाज आणि शटर” असं लिहून पुढे तुझं नाव येणार आहे. रेकॉर्ड काढणाऱ्या माणसाला मी फोन केला. भला माणूस आहे, पण म्हणतो, गाणं ज्याचं त्यानं सांगितलं तरच मजकूर बदलेन. पुढच्या आठवड्यात छपाई आहे. तुला एक फोन करायचाय, बस. “शटर: बाबा” एवढं सांग. माझ्या ड्रमचं नाव बारीक अक्षरात टाकलं तरी चालेल, नाही टाकलं तरी चालेल.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. बाकी विशेष काही नाही. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच



२९ तारीख, शुक्रवार

दादा,

उत्तर मिळालं. चार ओळी. जपून वापरतोस शाई.

“कव्हर छापून झालं. इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढतेस? बाबांना काय फरक पडतो, त्यांनी ते गाणं कधी ऐकलंय? रेकॉर्डच्या कार्यक्रमाला आम्ही तुझ्याच हॉलमध्ये वाजवतोय, ड्रमवर तूच हवीस. स्टेजवर खरं शटर उभं करतोय, मधल्या जागेला मी लाथा घालणार, लोक वेडे होतील.”

तुझं हे वाचून मला काय वाटलं ते लिहायला बसले तर पोस्टमन कागद घ्यायचा नाही. लाज कशी वाटत नाही रे तुला? नाटकातलं शटर उभं करून त्यावर दुसऱ्याचा राग नाचवणार? आणि मागे मी बसून ताल धरू? तुला बहीण हवीये की टाळ्या वाजवणारं माकड?

आणि बाबांनी ऐकलं नाही म्हणतोस. मागच्या पत्रात मी लिहिलं की मी त्यांना काही सांगितलेलं नाही. ते खरंच आहे. मी नाही सांगितलं. त्यांनी स्वतः ऐकलं.

त्या पत्राच्या आधीच्या रविवारची गोष्ट. मुद्दाम लिहिली नव्हती. म्हटलं, तू आपल्या मनानं फोन करावास, बाबांची कीव येऊन नव्हे. पण आता मूग गिळून बसायचं कारण उरलं नाही.

बाबा चक्कर मारायला निघाले होते, पाय भरून आला म्हणून हॉलमध्ये येऊन टेकले. मी चहा दिला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “फ्यूज लाव!” मला नाही म्हणता येईना. लावली. बाबा आपले कप हातात धरून खिडकीबाहेर बघत होते. मधली जागा आली आणि ढॅण-ढॅण सुरू झालं. बाबांनी कप खाली ठेवला. मान एकदम वर केली. मग माझ्याकडे बघितलं, अगदी नीट, चष्म्याच्या वरून.

प्रोफेसर शेजारीच होता, नव्या दोन पोरांना समजावत होता की हे पिंप कसं आहे. बाबा त्याला म्हणाले, “पिंप नाही. मी आहे तो.”

प्रोफेसरनं काय केलं असेल? बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “काका, प्रत्येकालाच असं वाटतं की हे गाणं आपलंच आहे. हीच तर पंकची ताकद!”

बाबा म्हणाले, “बरं.” आणि चहा संपवला.

मला त्या माणसाचं टाळकं फोडावंसं वाटलं. पण त्याला तरी काय बोलू? त्यानं तुझी मुलाखत वाचली नव्हती म्हणून पिंप म्हणाला. वाचली असती तर तुझं नाव घेऊन बाबांना खोटं पाडलं असतं.

घरी येताना बाबा पाय ओढत चालत होते. मग कोपऱ्यावरच्या बाकावर बसले, गुडघा चोळत म्हणाले, “पहिल्या दोन रागाच्या होत्या.”

मी म्हटलं, “काय?”

“लाथा गं. पहिल्या दोन रागानं घातल्या. मला वाटलं, आता थांबाल. तू काही थांबली नाहीस. मग तिसरी घातली ती बरोबर तुझ्या ठोक्यावर पडली. चौथीही पडली. मग म्हटलं, चला, झोप तर गेलीच आहे.”

मी भर रस्त्यात रडायला लागले आणि हसायलाही लागले. म्हटलं, “मग शटर का वर ओढलंत?”

“गाणं संपलं म्हणून. वर ओढलं तर हा गिटार घेऊन माझ्या बाजूनं निघून गेला, तोंड वर करून बघितलंसुद्धा नाही. मी काही बोललोच नाही. बोलायचं राहूनच गेलं.”

“काय बोलणार होतात?”

बाबा म्हणाले, “आता कशाला खोटं बोलू? शिव्याच दिल्या असत्या बहुतेक. पण देऊन झाल्यावर म्हटलं असतं, पुन्हा वाजवा.”

दादा, मी तुला शपथेवर सांगते, यात माझा एक शब्द नाही. मी पुन्हा जाऊन रेकॉर्ड ऐकली. पहिल्या दोन लाथा वेड्यावाकड्या आहेत, माझा ताल हलतो त्यांनी. तिसरीपासून नाही हलत. इतकी वर्षं आपण ऐकतोय आणि आपल्याला दोघांनाही कळलं नाही, मला ड्रम वाजवणारीलाही नाही! आणि तू यावरून घर सोडलंस, आणि मी तुझ्या वाटचं घर सांभाळत बसले. मला वैताग आलाय रे. तुझाही आणि त्यांचाही. दोघं एका गाण्यावर साडेतीन मिनिटं एकत्र होतात, आणि त्यानंतर कुणी कुणाशी बोलत नाही, आणि मधे मी, एकाला औषध द्यायला आणि दुसऱ्याला पत्र लिहायला!

तर आता ऐक. कव्हर छापून झालं, ते गेलं. त्याला मी काही करू शकत नाही. कार्यक्रमाचं मात्र करू शकते, हॉल माझ्या ताब्यात आहे आणि ड्रमही माझा आहे. ड्रमवर मी बसेन. शटरही उभं कर, चांगलं जाड पत्र्याचं आण, फिरकीसकट, वर-खाली होणारं. पण तू त्याला पाय लावायचा नाहीस. गिटार थांबली की तू गप्प उभा राहायचंस, रेकॉर्डवर राहिलास तसा. तुझा पाय हलताना दिसला की मी काड्या खाली ठेवीन आणि का ठेवल्या ते माइकवर सांगीन.

शटरच्या मागे बाबा असतील. मी विचारलं त्यांना. आधी म्हणाले, वेड लागलंय का तुला? दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीचं दार ठोकताना ऐकलं मी. गुडघा चालत नाही म्हणून लाथ जमणार नाही, हातानं ठोकीन म्हणतात. तू असणार हे त्यांना सांगितलंय. त्यावर फक्त विचारलं, गाणं एकदाच वाजवणार की पुन्हा?

यायचं नसेल तर नको येऊस, लांब्या गाईल. त्याचा आवाज कसा आहे तुला माहीत आहे, त्या पापाचा धनी तू होशील. आलास तर एकच काम आहे. बाबांना आता इतकं जड शटर उचलत नाही आणि मला ड्रमवरून उठता येणार नाही. गाणं संपल्यावर शटर तुला वर ओढावं लागेल. मग तिथून निघून जायचं नाही. शिव्या पडल्या तर खायच्या.

तुझी बहीण, आणि इथून पुढे निरोप न पोचवणारी