किसुतूवरचा पांढरा दोरा

झांझिबार,
३ मार्च १९९६

प्रिय मगेनीताईस,

रिझिकीचा सलाम. वि. वि. इकडे सर्व ठीक. तुझ्या गुडघ्यांचं काय ते कळव. डॉक्टरांनी दिलेलं तेल चोळतेस, की शेजारणींना वाटून मोकळी झालीस?

पत्रास कारण की, आईची पेटी रिकामी का निघाली ते मला कळलं. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी आपण दोघी पेटी उघडायला बसलो, तेव्हा नसरावहिनीने डोळे पुसत सांगितलं होतं की कसर लागली, आईची पांघरायची कापडं, सगळे कांगे, जाळावे लागले. आणि आपण शहाण्या तिच्याच गळ्यात पडून रडलो.

काल बंदराजवळच्या एका पाहुणेघरात पडद्यांचं माप घ्यायला गेले होते. मालकीणबाई चहा आणायला आत गेल्या, म्हणून मी बाकावर टेकले आणि पाठीशी उशी ओढली. लाल, त्यावर काळे-पांढरे ठिपके, आणि कोपऱ्यात मेंदीचा तपकिरी डाग. तो डाग मी अंधारातही ओळखेन. तुझ्या लग्नात तू ओल्या मेंदीच्या हातांनी नाक पुसलं होतंस आणि आई मांडवातच तुझ्यावर ओरडली होती. आईचा लग्नातला किसुतू, ताई! कांग्यांच्या जोडीतला डोक्यावरून घ्यायचा. पणजीपासून आपल्या घरातली प्रत्येक मुलगी ज्यात नवरी झाली, त्याच्या सहा उश्या झाल्या आहेत आणि एकीवर कुणा गोऱ्या पाहुण्याची ओली चड्डी वाळत पडली होती.

बाईंनी कौतुकाने सांगितलं की उश्या तुमच्या वहिनीच्याच दुकानातल्या, पर्यटकांना फार आवडतात, काठाच्या तर तिने पिशव्यांना पट्ट्या लावल्या. मग मी वहिनीच्या कामवालीला गोड बोलून उरलेलं काढून घेतलं. ज्या कांग्यांवर वाक्यं छापलेली होती ते कापायला वहिनी भ्याली, कारण ते चारचौघींत कुणीतरी वाचून ओळखलं असतं. ते सगळे तिने माहेरी दोडोमाला पाठवले. किसुतूवर अक्षर नसतं. जो बोलत नाही तो कुणाचाच नाही, असं तिला वाटलं असणार. त्याच्यावर पहिली कात्री चालली.

मी बाईंना बारा नव्या उश्या शिवून द्यायचं कबूल करून या सहा घरी आणल्या. त्यांना मी खुळी वाटले. मकामेदादाला सांगितलेलं नाही, तो घरात शांतता हवी म्हणून सगळं गिळेल. वहिनीलाही काही बोलले नाही. बोलले की माझा राग निवेल, आणि मला तो निवू द्यायचा नाही.

तुझा लोभ आहेच, तो उत्तरात दिसावा.

तुझी,
रिझिकी

---

टांगा,
१४ मार्च १९९६

चि. रिझिकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र चुलीपाशी वाचलं, त्यामुळे भात करपला. तुझ्या भाऊजींनी निमूट खाल्ला, कारण माझं तोंड बघून त्यांनी ओळखलं की आज बोलण्यात अर्थ नाही.

तू माझी बहीण आहेस की गोगलगाय? उश्या घेऊन घरी आलीस! मी असते तर त्या सहाही उश्या डोक्यावर घेऊन तिच्या दुकानासमोर उभी राहिले असते आणि साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं असतं की या बाईने सासूला पुरून चाळीस दिवस व्हायच्या आत तिचं कापड कात्रीला लावलं. बावीस वर्षं आईने केलेल्या माशाच्या कालवणावर हात मारणारी ही बाई! तिच्या हाताला कीड पडो, असं मी मोठ्याने म्हटलं, तर भाऊजी म्हणाले की कीड पडली तर शिवणार कोण. त्यांना सगळ्यात विनोद सुचतो.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? त्या रडण्याचा. माझ्या खांद्यावर तिचे अश्रू पडले होते. तो झगा मी अजून घालते.

उश्या कुलपात ठेव. वेळ येईल. आली नाही तर मी माझे गुडघे घेऊन बोटीने येईन आणि वेळ आणीन. तेल चोळते आहे. नीट जेवत जा.

तुझ्या सुखाची वाट पाहणारी,
मगेनी

---

झांझिबार,
२ जून १९९६

प्रिय मगेनीताईस,

सलाम वि. वि. वेळ आली. बोटीने येण्याची गरज पडली नाही.

दादाच्या हिदायाचं लग्न ठरलं. मुलगा पेंबाचा, वेतेचा, हमादी नाव. घरचा लवंगांचा व्यापार, हसतमुख आहे, कान जरा मोठे. हिदाया त्याच्याविषयी बोलताना सुई उलटी ओवते, यावरून काय ते समज. तुला चार मुलगे, मला मूल नाही, म्हणजे आपल्या आईच्या मागे घरात मुलगी ती एकच. माझ्या मांडीवर बसून ती पहिला टाका शिकली.

बोलणी करायला हमादीची आजी बी शेखा स्वतः आली होती. ती आपल्या आईच्या लग्नाला हजर होती आणि तुझ्याही. तिने एकच अट घातली की नातसून स्वतःच्या आजीच्या किसुतूतच बायकांसमोर यायला हवी. भरल्या घरात तिने वहिनीला विचारलं, की किसुतू जपून ठेवलाय ना? वहिनीने मान हलवली. ताई, मी सरबताचे पेले भरत होते. एक थेंब सांडला नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो.

पुढे ऐक. वहिनीने दुकानातून कोरा किसुतू आणला आणि जुना दिसावा म्हणून रात्रभर चहात बुडवून ठेवला! सकाळी मुंग्या लागल्या, कारण चहा साखरेचा होता. शेवटी पाहुणेघरात जाऊन आली, उश्या कुठे गेल्या ते तिला कळलं, आणि परवा दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली.

आधी रडली. मी शाळेच्या गणवेशांना काजं करत होते, तशीच करत राहिले. मग ती चिडली. म्हणाली की बावीस वर्षांपूर्वी ती दोडोमाहून दोन दिवस प्रवास करून, चुरगळलेल्या पांढऱ्या झग्यात याच घराच्या उंबऱ्यावर आली, तेव्हा आईने तिला पाणी दिलं, जेवण दिलं, पण पेटी उघडली नाही. बाहेरची म्हणून तिच्या अंगावर किसुतू घातला नाही. त्या पेटीकडे ती बावीस वर्षं बघत होती. कापताना तिला काय वाटलं, असं मी विचारलं. तिने सरळ सांगितलं की बरं वाटलं.

मला क्षणभर तिची दया आली. पण पेटी आईची होती आणि आईला उत्तर देता येत नाही. मी विचार करून सांगते म्हटलं. कमरेचा किसुतू कापायचा राहिला होता, तो तिने देऊन टाकला. तो धुऊन वाळत घातलाय. काय करू, लवकर कळव.

तुझ्या मायेवर जगणारी,
रिझिकी

---

टांगा,
१० जून १९९६

चि. रिझिकीस,

आशीर्वाद. मुंग्यांचं वाचून मी इतकी हसले की गुडघे विसरले. मग तुझी काजं डोळ्यांसमोर आली आणि हसू गेलं.

आईने पेटी उघडायला हवी होती. हे मी तुलाच लिहिते आहे, नसराला कळवायचं काम नाही. पण उंबऱ्यावर अपमान झाला तर उंबऱ्यावर भांडावं. मेलेल्या बाईच्या पेटीशी कसलं भांडण?

माझं ऐकशील तर उश्या देऊ नकोस. चहात बुडवलेला किसुतू घेऊन जाऊ दे तिला बी शेखासमोर. आणि हिदायासाठी जीव तुटत असेल, तर मग मन मोठं करून दे. लाल ठिपक्याला लाल दोरा, काळ्याला काळा, असा जोड की त्या म्हातारीच्या चष्म्यालाही शिवण दिसणार नाही. तुझा हात तेवढा आहे. या दोहोंतलं एक कर, रिझिकी. मधलं काही करू नकोस.

मी तुला ओळखते. लहानपणी मी तुझी कापडी बाहुली फाडली, तेव्हा तू हूं की चूं केलं नाहीस. आठ दिवसांनी ईदच्या दिवशी माझ्या शेवयांत मूठभर मीठ निघालं आणि तू शेजारी बसून शांतपणे खात होतीस. मी आरडाओरडा करते आणि संध्याकाळी विसरते. तुझं तसं नाही. म्हणून जपून.

लग्नाला यायची फार इच्छा आहे, पण डॉक्टर बोटीत बसू देत नाहीत. हिदायाला माझ्याकडून जवळ घे.

तुझ्यावर डोळे वटारून माया करणारी,
मगेनी

---

झांझिबार,
२८ जुलै १९९६

प्रिय मगेनीताईस,

सलाम वि. वि. लग्न पार पडलं. पुलाव उत्तम झाला, हलवा कमी पडला, दादा निरोपाच्या वेळी लहान मुलासारखा रडला. तू नव्हतीस, हे चारदा तरी निघालं.

आता मुख्य सांगते. मी किसुतू जोडून दिला. पांढऱ्या दोऱ्याने. गोणी शिवायला वापरतात तो जाड दोरा, दुहेरी. टाके बोटभर लांब, शिवण बाहेरून. काठ पिशव्यांना गेला होता, तिथे कोऱ्या मांजरपाटाची पट्टी लावली, तीही न रंगवता. वहिनीने लग्नाच्या सकाळी पाहिला तेव्हा तिचं तोंड पडलं. पण दुसरा आणायला वेळ नव्हता आणि आपल्या घरात नवरीला किसुतू आत्याच पांघरते. मी पांघरला. हिदाया आरशात बघून काही बोलली नाही. मला वाटलं लाजली.

ती बायकांत मान खाली घालून येऊन बसली. ढोल थांबले. बी शेखा काठी टेकत उठली, हिदायाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत त्या पांढऱ्या रेघेवरून तिने बोट फिरवलं, कोपऱ्यातला मेंदीचा डाग शोधला, आणि भर बायकांत मोठ्याने विचारलं की हा कुणी कापला. साठ-सत्तर बायका होत्या. मी वहिनीकडे बघत राहिले, हलले नाही. शेवटी वहिनी म्हणाली की मी कापला. कशासाठी, असं म्हातारीने विचारलं. उश्यांसाठी, असं ती म्हणाली. तिच्या माहेरच्या बायकांनी माना वळवल्या.

मग मी हलव्याचं तबक घेऊन तिच्यासमोर गेले आणि घे म्हटलं. तिने घेतला. खोटं कशाला सांगू ताई, आई गेल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून तिचं दुकान बंद आहे. गल्लीत ती भिंतीकडेने चालते.

तू म्हणाली होतीस मधलं काही करू नकोस. रागाव हवं तर, पण मनातून तुलाही गार वाटलं असेल.

तुझा राग आणि लोभ दोन्ही चालतील,
रिझिकी

---

वेते, पेंबा,
१५ सप्टेंबर १९९६

ती. रिझिकीआत्यास,

हिदायाचा सलाम. वि. वि. तुझी दोन पत्रं आणि मगेनीआत्यांचं एक पोचलं. उत्तराला उशीर झाला. लवंगांची तोडणी चालू आहे, अंगणभर चटया पसरलेल्या असतात, कपड्यांना, केसांना, भाताला सगळ्याला लवंगेचा वास येतो. हमादी मला जपतात. आजेसासूबाई सुद्धा वाईट नाहीत.

मगेनीआत्यांनी लिहिलंय की त्यांना कोणत्याच बाजूने हसता आलं नाही. तू लिहिलं आहेस की त्या दिवशी आईची चांगली जिरली. जिरली असेल. परवा झांझिबारहून आलेल्या एका बाईने सांगितलं की दुकान पुन्हा उघडलं आहे, पर्यटक येतात, गल्लीतल्या बायकाही येतात, बोलतात. दोन महिन्यांत तिथे लोक विसरले. इथे कुणी आईला ओळखत नाही. इथे त्यांनी शिवण माझ्या अंगावर पाहिली. नळावर गेले की माझं नाव हिदाया नसतं, ठिगळाची नवरी असतं. भेटायला येणारी प्रत्येक बाई तो किसुतू काढून दाखव म्हणते आणि आजेसासूबाई सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतात. मी चहा देते.

त्या सकाळी आरशात बघून मी लाजले नव्हते. तो दोरा कशासाठी आहे ते मला बघताच कळलं होतं. तुझ्याकडेच शिवण शिकले, जाड दोरा कुठे वापरायचा आणि बारीक कुठे, ते मला माहीत आहे. नवरीने बोलायचं नसतं, म्हणून बोलले नाही. आज बोलते. आईने कापला तेव्हा तो पेटीतला जुना कपडा होता. तू शिवायला बसलीस तेव्हा तो कुणाच्या अंगावर जाणार ते तुला ठाऊक होतं.

काल तोडणीतून सुट्टी होती. मी तुझा सगळा पांढरा दोरा उसवला, मांजरपाट काढून टाकला आणि सहा तुकडे पुन्हा वेगळे केले. त्यांच्या सहा उश्या शिवल्या, लाल ठिपक्याला लाल दोरा घालून. ओट्यावरच्या बाकावर ठेवल्या आहेत, पाहुणे टेकून बसतात. आजेसासूबाई खूप ओरडल्या. पण आज दिवसभरात सात जणी येऊन गेल्या आणि एकीनेही काही विचारलं नाही. उशीला शिवण असायचीच.

मला मुलगी झाली तर तिच्या लग्नात बाजारातून कोरा किसुतू आणीन. तो तिला मी पांघरेन. त्यासाठी कुठल्याच आत्याला बोलावणार नाही.

लोभ ठेवावा, असं शेवटी लिहायची रीत आहे. ते या पत्रात लिहीत नाही.

हिदाया