उजवीकडून डावीकडं

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार

सतरा! आज जागेवरून सतरा वेळा उठलो. गंमत म्हणून खिशात चिंचोके ठेवले होते – उठलो की एक डाव्या खिशातून उजव्या खिशात. संध्याकाळी विमलनं कोट झटकला तर घरभर चिंचोके. "कचेरीत आता चिंचोके खेळता व्हय?" म्हणाली. बायकोला काय सांगणार!

खरं तर माझं काम एकच. निजामाच्या वेळची उर्दू जमीनदप्तरं वाचायची आणि मराठीत नक्कल करून द्यायची. धड उर्दू वाचणारा मीच उरलोय. पण खिडकीवर अर्ज घ्यायला मीच, साहेबांची घंटा वाजली की पळायलाही मीच. परत येतो तेव्हा बोट ओळीवर ठेवता येतं, पण डोकं खिडकीपाशीच राहिलेलं असतं. पाच-सात मिनिटं अक्षरांकडं नुसता बघत बसतो. मग कुठं ती बोलायला लागतात – आणि घंटा!

५ फेब्रुवारी

दत्तोपंतांना – आमचे अव्वल कारकून – म्हणालो, सकाळचे दोन तास मला कुणी उठवू नका. "मार्तंडराव, ही कचेरी आहे, मठ नव्हे." सगळे हसले. मीही हसलो. राग मात्र लई आला होता.

६ फेब्रुवारी

सोनारीची एक म्हातारी आली, सिद्धम्मा. नवरा धुळाप्पा गेल्या साली वारला. ज्या रानात दोघांनी जन्म घातला, ते सोड म्हणून जमीनमालक शांतलिंगशेट मागं लागलाय. वीस तारखेला परंड्याला सुनावणी. धुळाप्पाचं नाव जुन्या दप्तरात कुळ म्हणून असलं तर तिला कुणी हलवू शकत नाही.

"सावकाश लिवा बाबा, म्या बसते हितं," म्हणाली आणि दाराशी बसली.

सावकाश! अर्ध्यात घंटा. मग खिडकीवर दोघं भांडत आले. मग दत्तोपंतांचं पत्र. चार वाजता नक्कल पुरी झाली. वाचून दाखवली – मालक, धुळाप्पा. बाई थक्क! "मालक? आमचे? आन् कधी बोलले न्हाईत!" पदर डोळ्याला लावला. शांतलिंगशेटचं नाव कुळाच्या रकान्यात. मलाही नवल वाटलं, पुन्हा बघावं म्हणून दप्तर ओढलं – तेवढ्यात खिडकीवरून हाक. उठलो. बाई पाया पडून गेली. जिवाला बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

चौदा. बरा दिवस.

१४ फेब्रुवारी

 

उर्दू दप्तराचे रकाने उजवीकडून सुरू होतात. आधी मालक, मग त्याच्या डावीकडं कुळ. शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट. आज खिडकीवरचा मराठी अर्ज वाचून जागेवर आलो आणि पान डावीकडून उतरवायला लागलो! दोन ओळी झाल्यावर ध्यानात आलं. खोडलं. आणि एकदम सिद्धम्मा आठवली.

दप्तर काढलं. उजवीकडं शांतलिंग. डावीकडं धुळाप्पा. मी मालकाचं कुळ केलं आणि कुळाचा मालक.

१५ फेब्रुवारी

दत्तोपंतांना सांगितलं. दार लावून म्हणाले, "नकलेवर माझी पण सही आहे. गेली ती गेली. अन् बाईचा फायदाच झाला की!"

फायदा कसला डोंबलाचा! शांतलिंगशेट खरेदीखत टाकील परंड्याच्या साहेबांपुढं. बाईचा कागद खोटा ठरला की बाई खोटी. मग ती खरंच कुळ होती हे कोण मानणार? एवढं बोललो मी त्यांच्यापुढं. पहिल्यांदाच. 

१६ फेब्रुवारी, रविवार

सोनारीला जाऊन आलो. विमलनं भाकरी बांधून दिली, कशाला जाता हे विचारलं नाही.

बाईनं गावभर गूळ वाटला होता. देवळात नारळ फोडला होता. मला बघून शेजारणीला ओरडून सांगितलं, "ह्येच ते, ह्येंनीच नाव काढलं!" मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. माझी चूक, माझी, असं तीनदा म्हणालो.

 ती म्हणाली, "कुळ म्हणून तरी नाव हाय न्हवं?"

"आहे. पक्कं आहे."

"मग ऱ्हाऊ द्या. धा दिस तरी मालक झाले बिचारे."

चहा केला माझ्यासाठी. 

२० फेब्रुवारी

परंड्याला गेलो, रजा टाकून, दप्तर बरोबर घेऊन. शांतलिंगशेटच्या वकिलानं बाईनं आधीच दाखल केलेली नक्कल धरून "खोटा कागद" म्हणून सुरुवात केलीच. उठून उभा राहिलो. दप्तर उघडून, बोट ठेवून वाचून दाखवलं, चूक कुणाची तेही सांगितलं. साहेबांनी सगळ्यांदेखत फाडून खाल्लं मला. खावं! बाईचं कुळ कायम झालं.

२२ फेब्रुवारी

दत्तोपंत स्वतः होऊन म्हणाले – दहा ते बारा तुम्हाला कुणी उठवणार नाही, खिडकी मी बघतो. विश्वास बसेना. आधीच्या सगळ्या नकला दप्तराशी ताडून बघायचं ठरवलं. मन हलकं आहे. विमलला तुळजापूरला न्यायचं कबूल केलं.

२५ फेब्रुवारी

दोन तास अगदी शांत. तेरचा कोंडीराम. नक्कल नोव्हेंबरातली, अक्षर माझं – मालक, कोंडीराम. दप्तरात तो कुळ. चौकशी केली. जानेवारीतच त्याचा दावा खोटा म्हणून निकाली निघाला. रान सोडून बायकापोरांसकट सोलापूरला गेला, पत्ता कुणाला ठाऊक नाही. उद्या पहिल्या गाडीनं निघतो.