आमच्या दुकानातला एकच नियम

प्रिय धाकटे,

पाकीट बघून दचकू नकोस. वर मुद्दाम दुकानाचा शिक्का मारलाय, घरात कुणी विचारलंच तर शिवायला टाकलेला कोट तयार झाल्याचं कळवलंय म्हणून सांग. तुझ्या ताईच्या मशीनवर आता मी बसते, पण ते मशीनही तिच्यासारखंच हट्टी, माझ्या पायाला दाद देत नाही. गिऱ्हाइकं तोंडावर सांगतात की ताईच्या हाताची सफाई माझ्यात नाही. मी म्हणते, खरंय, पण माझ्याएवढी बडबड तरी तिला कुठे जमायची. तुझ्या त्या कोटाची बाही आठवते? चार वेळा उसवली आणि चार वेळा लावली तिनं. बाहीत काडीचा दोष नव्हता, बये. ती उसवल्याशिवाय तू तासभर बसणार कशी, एवढंच कारण. आणि ज्या दिवशी तू दारातून 'दादा'ऐवजी 'ताई' अशी हाक मारलीस, त्या दिवशी तिनं सगळ्या गिऱ्हाइकांचे खिसे उलटे लावले. शिव्या मी खाल्ल्या, ती आपली दिवसभर हसत होती.

तिला मारणारे अजून मोकळे आहेत, हे तुला वेगळं सांगायला नको. ती दुकान बंद करून निघाली, घरी पोचलीच नाही आणि सकाळी रस्त्याकडेला तिचा देह सापडला, यापलीकडे आम्हाला आजही काही ठाऊक नाही. पण आम्ही गप्प बसलेलो नाही हं. गेल्या महिन्यात मोर्चा काढला, आमच्यासारख्या ज्या ज्या ट्रान्स बायकांच्या खुनाचा तपास पोलिसांनी अर्धवट सोडून दिला, त्या सगळ्यांसाठी. फलक मी शिवले, चांगले अस्तर लावून. लोक घोषणा ऐकायच्या सोडून कापड चाचपत होते, दोन नवी गिऱ्हाइकं तिथेच मिळाली. माझा आवाज पहिल्याच घोषणेला असा फाटला की समोरचा पोलीस फिस्सकन हसला, आणि मग त्यानंच प्यायला पाणी दिलं. शेवटी नव्या आलेल्या अधिकारी बाईंनी आत बोलावलं, नीट ऐकून घेतलं आणि जुने तपास पुन्हा उघडायचं कबूल केलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात इतक्या नाचलो की शिपायानं हाकलून दिलं.

घोडं अडलं ते त्यानंतर. बाईंनी ताईच्या नावानं फाइल शोधली आणि मान हलवली. या नावाची कुणी मेल्याची नोंदच नव्हती. तारीख सांगितली, रस्ता सांगितला, पण कागदोपत्री नाव काय ते सांगा, त्याशिवाय फाइल हाती देता येणार नाही, असं उत्तर. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्या वडिलांनी तिच्या देहाची ओळख पटवली, तेव्हा तिचं जुनं नाव लिहून दिलं असणार. ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. दुकानात पहिल्यापासून एकच नियम, कुणाचं जुनं नाव विचारायचं नाही, आणि तो घातला तिनंच. इतकी वर्षं एका डब्यातून जेवलो, पण मी कधी विचारलं नाही. तिच्या नियमानं तिच्याच बाबतीत हात टेकायला लावले, यावर मी आधी पोट धरून हसले आणि मग खूप रडले. वडिलांकडेही जाऊन आले. त्यांनी दार लोटून घेतलं. त्यांच्यावर राग नाही माझा, त्यांचं दुःख त्यांच्यापाशी.

म्हणून हे पत्र. ते नाव मला हवंय. एका ओळीत लिहून पाठव, खाली सहीसुद्धा नको. तू सांगितलंस हे कुणाला कळणार नाही. अर्जावर एकदाच लिहीन, आणि त्याच्या वर, त्याहून मोठ्या अक्षरात, तिचं खरं नाव लिहीन. हे मागतेय म्हणून ती असती तर कात्री घेऊन मागे लागली असती. पण काय करू, मारणाऱ्यांना शोधायला निघालो आणि आधी तिलाच शोधावं लागतंय. तेवढं तू कर.

तिची होते, म्हणून तुझीच,
उंचीमुळे जिला तू शिडी म्हणायचीस ती