एका हजामतीला दोन विजारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे निम्माच घातला आहे, उरलेला भेटीत). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? इकडे सगळं क्षेम आहे. तुझी भावजय चार दिवस माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

ती घरी शिवणकाम करते आणि खाली सलून आहे, हे तू जाणतेसच. अकरा वर्षांचा आमचा करार: माझी एक हजामत, सलूनवाल्याच्या घरची एक विजार आखूड करून. गेल्या महिन्यात कळलं, हिनं परस्पर एका हजामतीला दोन विजारी कबूल केल्या! ताई, व्यापार खात्यात बावीस वर्षं मी हाच भागाकार करतोय. निर्यातीचा भाव रेघेच्या वर, आयातीचा खाली. उत्तर घसरलं की साहेब कपाळाला हात लावतात, कारण तेवढीच यंत्रं आणायला देशाला जास्त माल बाहेर धाडावा लागतो. आणि तेच माझ्या घरात, माझ्याच डोक्यापायी! तडक खाली जाऊन बजावलं, उद्यापासून एका विजारीला दोन हजामती. एका दुपारीत आमची स्थिती चौपट सुधारली (आकडा भिंतीवर लावलाय). सलूनवाला "बरं साहेब" म्हणाला आणि विजारी समोरच्या शिंप्याकडे टाकू लागला. भाव चढा, गिऱ्हाईक शून्य. केस मात्र कुणासाठी थांबेनात.

मग मी स्वावलंबन पत्करलं. आरसा घेतला, हिची कापडाची कात्री घेतली. उजवी बाजू बरी जमली, डावीकडे आरशानं घात केला. ही चिडली ती कात्रीपायी. धार गेली, कापड चावते, आणि शाळेचे तीस गणवेश शनिवारी द्यायचेत. वेळ चुकली तर शाळेचं काम कायमचं जाईल. धार लावणारा या रस्त्यावर एकच, तो सलूनवाला! तिचा चेहरा बघवत नाही गं. चूक माझीच आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजींची जुनी लोकरी टोपी तेवढी पाठव. सोमवारी साहेबांसमोर निर्यातीच्या भावांवर माझं भाषण आहे.

(पुढचं अक्षर माझं.) वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याच हाती दिलं, म्हणून वाचलं. टोपी पाठवू नका. दुसरी विजार हजामतीची नव्हतीच, सलूनवाला दरमहा माझ्या कात्र्यांना धार लावतो, त्याच्या मोबदल्याची होती. यांनी विचारलं नाही, भागाकार केला. काल मी तीन विजारींवर समेट केला. कात्रीला धार लागली, गणवेश वेळेत होतील. तिसरी विजार यांच्या डाव्या बाजूच्या दुरुस्तीची.