ओट्यावर राहिलेली वांगी

मंगळवार, संध्याकाळ

मोबाइलवरचा शेतीचा गेम काल संपला. त्यातला शेतकरी एका पोरीला रोज एक वांगं नेऊन देतो, ती हसून घेते आणि शेवटी लग्नाला हो म्हणते. नोकरी आहे का, असं कोणी विचारतच नाही. गेम बनवणारा आमच्या चिखलीकडे कधी आलेला नसावा.

आज संग्रामपूरहून मुलीचे वडील आमचं घर पाहायला आले. मी विहीर दाखवली, वांग्याचा मळा दाखवला. माल चांगला आहे म्हणाले. मग चहा झाल्यावर कप खाली ठेवत बोलले, "राग नका मानू. पोरीले नोकरीवालाच पायजे. मी सोता शेतकरी आहो, म्हणूनच सांगून राह्यलो."

चिडायला हवं होतं. पण आम्ही तरी ताई कोणाला दिली? नोकरीवाल्यालाच.

निघताना आईनं वांग्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. जीप गेल्यावर पाहतो तर पिशवी ओट्यावर. विसरले असतील का? नाही. भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. मागच्या पाहुण्यांनी नकार कळवला, पण वांगी तरी नेली होती.

आता आई तीच वांगी भरतासाठी भाजतेय. मघाशी विचारत होती, "तुह्या गेमातल्या त्या पोरीचा बाप काय म्हने रे?"

तिला बाप दाखवलेलाच नाही.