नकाशातली विहीर

पुणे, १२ ऑक्टोबर २००८

माय, तुले जयभीम.

मी बरा आहो, जेवण टायमावर भेटते. तुहा गुडघा कसा आहे?

आपल्या मोनालीताईचं पत्र भेटलं. आपल्या वावरात आधीच विहीर आहे म्हणून कचेरीनं विहिरीचा अर्ज परत केला, असं तिनं लिवलं. माय, ती विहीर मीच नकाशात टाकलती. आमी कम्प्युटरवर सरकारी कचेऱ्यांसाठी गावोगावच्या विहिरींचा नकाशा बनवला. तो चालते का पाहाले मी एक खोटी विहीर टाकली. मले डोये मिटून सापडते ते आपलंच वावर. मंग ती पुसाची राहून गेली.

आता पुसली, साहेबालेही सांगतलं. कापसाच्या पऱ्हाटीले पाणी कुठून देऊन राह्यली?

कचेरीतल्या बाबूनं नकाशा दाखवला तं तू म्हणे त्याले सांगतलं, "माह्या पोरानं बनवला, खोटा कसा असन?" अन् वापस आली.

भांडाचं होतं ना, माय.

तुहा
संघदीप